मदत हवी आहे: अंगणातल्या बिनमधून तळघरात कोळसा ओढायला घरगुती व्हॅक्यूम

ईशान्येची_वाट:

नमस्कार मंडळी. आम्ही पेन्सिल्व्हेनियात पॉट्सव्हिलजवळ राहतो. हा सगळा अँथ्रासाइटचा, म्हणजे कठीण दगडी कोळशाचा पट्टा: स्क्रँटन, विल्क्स-बॅरे, हेझलटन. इथे अजूनही बरीच घरं कोळशावर तापतात. आमचं जुनं घर घेतलं तेव्हा तळघरात स्टोकर होता, म्हणजे कोळसा आपोआप थोडा थोडा पुढे ढकलणारी शेगडी. धूर जवळजवळ नाहीच, ज्योत निळी, आणि घर असं ऊबदार राहतं की पहाटे मुलं अनवाणी फिरतात. ही शेगडी मला सोडायची नाही.

अडचण कोळसा आत आणण्याची आहे. आम्ही राइस कोळसा सुटा मागवतो. नाव तांदळाचं असलं तरी दाणा हरभऱ्याएवढा असतो. ट्रक मागच्या शेडपर्यंतच येतो, तिथे लाकडी बिन, म्हणजे कोळसा साठवायची पेटी आहे. तिथून ३० फूट चालायचं, मग तळघराच्या ११ पायऱ्या. एक बादली १६ किलोची, आणि जानेवारीत दिवसाला अशा तीन लागतात. हे काम नवरा करायचा. ऑक्टोबरात त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी करते. मागच्या आठवड्यात बर्फावर घसरले. बादली पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली. मला लागलं नाही, पण खाली धाकटी उभी होती. त्या दिवशी ठरवलं की बादल्या बंद.

शेजारच्या आजोबांचे वडील खाणीत होते. त्यांनी सांगितलं की पूर्वी इथे काहीजण ड्रम आणि व्हॅक्यूम लावून कोळसा ओढायचे. मग मीही जमवलं. तळघरात ५५ गॅलनचा लोखंडी ड्रम, झाकणाला दोन भोकं. एका भोकाला शॉप व्हॅक (वर्कशॉपमधला व्हॅक्यूम क्लीनर), दुसऱ्याला चार इंची पीव्हीसी नळी, ती खिडकीतून बाहेर थेट बिनपर्यंत. वाटेत दोन कोपरे.

पहिली तीन मिनिटं कोळसा खडखडत आला. मला रडूच आलं आनंदानं. मग आवाज बदलला, मोटर किंचाळायला लागली आणि यायचं थांबलं. नळी उघडली तर पहिल्या कोपऱ्याच्या अलीकडे अर्धी नळी कोळशानं भरलेली. चारदा केलं, चारही वेळा तसंच. शिवाय दोरीवरच्या कपड्यांवर काळा थर बसला आणि नळीला हात लावला की चटका बसतो, विजेचा.

मोठी मोटर घ्यावी का? कुणी असं काही केलंय का?

सुतारपक्षी:

आधी एक साधा प्रश्न. घसरण का नाही लावत? तिकडच्या जुन्या घरांना तळघराच्या खिडकीतून कोळसा सोडायची घसरण असतेच. विजेची गरजच नाही.

ईशान्येची_वाट:

होती. आधीच्या मालकांनी तेलाची भट्टी लावली तेव्हा ती काँक्रीटनं बुजवली. आणि त्या बाजूला ट्रक जाऊच शकत नाही, मध्ये शेजाऱ्यांची भिंत आहे.

विदर्भकर:

ताई, मोठी मोटर घेऊ नका. नळी लहान करा.

मी औष्णिक वीज केंद्रात राख हाताळणी विभागात ३१ वर्षं होतो. धूळ पकडणाऱ्या यंत्राखालच्या हॉपरमधून, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीतून, राख आम्ही अशीच व्हॅक्यूमनं ओढायचो, फक्त आमच्या नळ्या खूप लांब पल्ल्याच्या होत्या. तत्त्व तेच. कोळसा ओढला जात नाही, तो वाऱ्यावर वाहून जातो. वारा पुरेसा जोरात हवा. तुमच्या दाण्याला सेकंदाला २० ते २५ मीटर वेग लागेल. शॉप व्हॅक भाराखाली साधारण १०० सीएफएम (मिनिटाला १०० घनफूट) हवा ओढतो असं धरा. चार इंची नळीत तेवढ्या हवेचा वेग होतो सेकंदाला ६ मीटरही नाही. दाणे तळाशी बसणारच. तीच हवा दोन इंची नळीत घातली की वेग चौपट, २३ च्या आसपास. मोटर तीच, बिल तेच.

दुसरी गोष्ट, नळीचं तोंड कोळशात कसं ठेवता?

ईशान्येची_वाट:

काका, खुपसून ठेवते. ढिगात फूटभर आत.

विदर्भकर:

तिथेच घोटाळा आहे. तोंड गाडलं की हवा येणार कुठून? दोन इंची नळीच्या टोकावर तीन इंची नळीचा दोन फुटी तुकडा बाहेरून चढवा. आतली नळी बाहेरच्यापेक्षा दोन बोटं आखूड ठेवा. बाहेरच्या नळीचं वरचं तोंड ढिगाच्या वर उघडं राहू द्या. आता दोन नळ्यांच्या मधल्या फटीतून हवा खाली उतरते, टोकाशी वळते आणि दाणे घेऊन आतल्या नळीतून वर जाते. आतली नळी वरखाली सरकवून हवा आणि कोळसा यांचं प्रमाण जुळवा. कानानं कळतं. एकसारखी सळसळ आली की बरोबर, मोटरचा आवाज चढायला लागला की कोळसा जास्त झाला.

आणि कोपरा तोंडाच्या लगेच पुढे नको. दाण्याला वेग पकडायला आठ-दहा फूट सरळ वाट द्या. काटकोनी एल्बो काढून लांब वळणाचे लावा. वळणाची बाहेरची बाजू कोळसा खरवडत राहतो, ती दर महिन्याला हातानं चाचपा. आमच्याकडे त्या जागी आतून बसाल्टचं अस्तर असायचं.

सुतारपक्षी:

धुळीचं आणि चटक्याचं मी सांगतो, माझ्या सुतारकामाच्या शेडमध्ये दोन्ही भोगलंय. कोरडे दाणे प्लॅस्टिकवर घासले की स्थिर वीज साठते. नळीवर उघडी तांब्याची तार गुंडाळत न्या आणि ड्रमला, तिथून अर्थिंगला जोडा. धुळीसाठी व्हॅकमध्ये बारीक धुळीची पिशवी आणि फिल्टर, दोन्ही घाला. आणि व्हॅकची बाहेर पडणारी हवा दुसऱ्या नळीनं घराबाहेर काढा. मास्क घालाच.

आणखी एक. ड्रमचं झाकण कशाचं आहे? नळी तुंबली की पूर्ण व्हॅक्यूम ड्रमवर येतो. २० किलोपास्कल धरलं तरी त्या गोल झाकणावर पाचशे किलोच्या वर भार होतो. मी जाड प्लॅस्टिकचा पिंप एका झटक्यात आत चेपलेला पाहिलाय, बंदुकीसारखा आवाज होतो. पाऊण इंची प्लायवूडला आडव्या पट्ट्या मारा आणि ओढ फार वाढली की उघडून हवा आत घेईल अशी एक स्प्रिंगची झडप बसवा.

नदीकाठ:

मी चंद्रपूरची. आमच्याकडे कोळशाची धूळ म्हटलं की स्फोटाची भीती. आमच्या भागातला कोळसा तर ढिगात पडल्या पडल्या आपोआप पेट घेतो. घरात लहान मुलं आहेत, तुम्ही हे करू नये असं मला मनापासून वाटतं.

विदर्भकर:

काळजी रास्त आहे, पण दोन कोळशांत फरक आहे. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात ज्वलनशील वायू भरपूर, म्हणून त्याची धूळ घातक. अँथ्रासाइटमध्ये हे वायू अगदी कमी असतात. त्यामुळे त्याची धूळ तशी स्फोट घेत नाही, आणि त्यामुळेच तो पेटवायला जड. १८०८ मध्ये विल्क्स-बॅरेला जेसी फेल यांनी लोखंडी जाळीवर तो भात्याशिवाय जाळून दाखवला, तोवर तो घरच्या चुलीत जळेल यावर लोकांचा फारसा विश्वास नव्हता.

मात्र ताई, याच व्हॅकनं शेगडीतली राख कधीही ओढू नका. राखेत निखारा असतो, तो पिशवीत गेला की आग. शिवाय राख ओढताना हवा घरातली जाणार आणि तुम्ही ती बाहेर सोडणार. म्हणजे तळघरात ओढ निर्माण होऊन धुराड्यातली हवा उलटी आत येऊ शकते, तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड. कोळशाच्या वेळी हवा बाहेरून येते आणि बाहेरच जाते, तेव्हा हा धोका नाही. पण झाकण गळत असेल तर तीही हवा घरातली. अलार्म आहे ना?

ईशान्येची_वाट:

दोन आहेत, एक शेगडीपाशी आणि एक मुलांच्या खोलीबाहेर. दोन्हीची बॅटरी आजच तपासली.

(नऊ दिवसांनी)

ईशान्येची_वाट:

झालं! दोन इंची नळी, लांब वळणं, काकांनी सांगितलेलं दुहेरी तोंड. झाकणाच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. अर्धा ड्रम दहा मिनिटांत भरतो, म्हणजे जवळजवळ दोन दिवसांची बेगमी. कपड्यांवर काळं नाही, चटका नाही. नवरा खुर्चीत बसून आवाज ऐकतो आणि "चढला" म्हणाला की मी आतली नळी बोटभर वर घेते.

एकच राहिलंय. नवीन आलेला कोळसा धुतलेला, ओला आहे. तो वळणापाशी चिकटतो आणि रात्री बिनमध्ये गोठून त्याचा दगड होतो.

विदर्भकर:

ओला माल ओढूच नका. बिनचा तळ थोडा उतरता करून खाली बारीक जाळी लावा, पाणी निथळू द्या. वर ताडपत्री टाका, पण बाजूंनी वारा खेळता ठेवा. नवा ट्रक येण्याआधी आठवडाभराचा कोरडा कोळसा वेगळा काढून ठेवत जा. आणि रोज बंद करण्याआधी तोंड ढिगातून वर काढून मिनिटभर नुसती हवा फिरवा, नळी रिकामी झाल्याशिवाय बटण बंद करायचं नाही.

ईशान्येची_वाट:

तेच चुकत होतं, मी ड्रम भरला की लगेच बंद करत होते. शनिवारी बिनच्या तळाला जाळी बसवते.