नाशिकला उभ्या गाडीचा चार्ज रोज उतरतोय, सोमवारच्या आत सांगा

प्रेषक: बंडू (सध्या गंगापूर रोड)

मंडळी,
सोमवारी रात्री परतीचं विमान आहे, म्हणून घाईत लिहितोय. बाबांची गाडी (इलेक्ट्रिक, दिवाळीत फोटो टाकला होता तीच) जागच्या जागी चार्ज घालवते आहे. सध्या नाशिकचा पारा चाळिशीच्या वर आहे, बाबा बाहेर पडत नाहीत. गाडी पोर्चमध्ये पत्र्याखाली उभी. ऐंशी टक्क्यांवर लावली, कुणी हात लावला नाही, तरी रोज दीड-दोन टक्के कमी. हिवाळ्यात हा प्रकार नव्हता. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "उन्हाने होतं, सगळ्यांचंच होतं." मी गेल्यावर गाडी चार्जरला लावून ठेवायची की काढून, एवढंच हवंय. बाबांना फोनवरून सगळं समजावणं अवघड जातं, त्यामुळे आत्ताच काय ते ठरवून जायचंय.

प्रेषक: अप्पा (टोरंटो)

लावून ठेव, बंडू. माझी गाडी उणे २० मध्ये रात्रभर बाहेर असते, कायम प्लगला. लागेल तेवढी वीज भिंतीतून घेते, बॅटरीला हात लागत नाही. मंडळाच्या जनरेटरचं आठवतंय ना? बॅटरी चार्जरवरून काढली आणि ऐन आरतीला जनरेटर चालू होईना. तेव्हाही मी हेच सांगत होतो.

प्रेषक: वहिनी (शारजा)

अप्पा, उणे २० ला आणि ४२ ला एकच औषध चालत नाही. थंडीत प्लगला लावलेली गाडी बॅटरी उबदार ठेवते, ते खरं. उन्हाळ्यात शंभर टक्के भरून प्लगला ठेवली तर बॅटरीचं आयुष्य घटतं. उष्णता आणि पूर्ण चार्ज एकत्र आले की लिथियमच्या सेलला सगळ्यात जास्त त्रास होतो. ॲरिझोनात २०१२ साली निसान लीफच्या मालकांनी हीच ओरड केली होती. त्या गाडीच्या बॅटरीला पाण्याने थंड ठेवायची सोय नव्हती, आणि गेलेली क्षमता परत आली नाही.

पण बंडूभावजी, तुमचं दुखणं वेगळं आहे. सर्व्हिस सेंटरचं उत्तर मला पटलेलं नाही. लिथियम बॅटरी नुसती ठेवली तर महिन्याला दोन-तीन टक्के उतरते. उन्हाने थोडी भर पडेल, पण दिवसाला दोन टक्के कुठले? हिशेब करा. बॅटरी ४० युनिटची धरली तर दोन टक्के म्हणजे ०.८ युनिट. २४ तासांवर वाटले की ३३ वॅट होतात. म्हणजे गाडीतलं काहीतरी दिवसरात्र जागं आहे किंवा मधूनमधून उठतंय. ते शोधा, प्लगचं नंतर बघू.

गाडी उभी असताना कॅमेऱ्याची राखण चालू आहे का? केबिन तापू नये म्हणून आपोआप एसी लागतो का? आमच्या इथे उन्हाळ्यात बहुतेकांचं दुखणं तेच निघतं. टेस्लाच्या मॅन्युअलमध्येच दिलंय की उभ्या गाडीचा चार्ज दिवसाला साधारण एक टक्का उतरू शकतो. त्यांची केबिन थंड ठेवायची सोय १२ तासांपर्यंत चालते आणि चार्ज २० टक्क्यांखाली गेला की बंद होते. तुमच्या गाडीत काय काय आहे ते मेनूत बघा. काही गाड्या उभ्या असतानाही बॅटरी तापली की स्वतःहून पंप आणि पंखा चालवतात. हिवाळ्यात चार्ज उतरत नव्हता, त्यामुळे मला एसी किंवा हा पंप यांचाच संशय जास्त आहे. पंप असेल तर त्याला बंद करू नका, तो बॅटरीच्या भल्यासाठीच आहे.

आणि ॲप किती जणांच्या फोनवर आहे? चार्ज बघायला ॲप उघडलं की गाडी जागी होते आणि लगेच झोपत नाही.

प्रेषक: सचिव

सर्वांना विनंती: गाडीच्या कंपनीचं नाव लिस्टवर घेऊ नये. मागच्या वेळी त्या टूर कंपनीवरून जे झालं त्याचा मनस्ताप समितीला अजून आहे. शिवाय ही लिस्ट कार्यक्रम आणि वर्गणीसाठी आहे, गाड्यांसाठी वेगळा गट काढावा.

प्रेषक: वहिनी (शारजा)

सचिव, भावजींच्या गाडीच्या कंपनीचं नाव कुणीच घेतलेलं नाही. आणि नाशिकचा फ्लॅट भाड्याने द्यायचा धागा याच लिस्टवर दिवाळीपर्यंत चालला होता. आपल्यापैकी निम्म्यांचे आईवडील तिकडे एकटे आहेत. त्यांच्या अडचणी इथे नाही लिहायच्या तर कुठे?

प्रेषक: नाना (इंदिरानगर, नाशिक)

बंडू, तुझ्याकडे चहाला आलो तेव्हा पाहिलं. किल्ली दाराशेजारच्या खुंटीला आणि भिंतीपलीकडे लगेच गाडी. काही गाड्या किल्ली जवळ आली की जाग्या होतात. किल्ली आतल्या खोलीत ठेव.

मला मोठ्या बॅटरीपेक्षा छोटीची काळजी आहे, १२ व्होल्टची. कुलूप, स्क्रीन आणि मोठ्या बॅटरीचा रिले (तिला गाडीशी जोडणारा स्विच) हे सगळं तिच्यावर चालतं. माझ्या मेहुण्याची गाडी मोठ्या बॅटरीत भरपूर चार्ज असूनही उघडेना, चार्जरही घेईना. छोटी बसली होती. साध्या लेड-ॲसिड बॅटरीची गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. मोठी बॅटरी मधूनमधून उठून छोटीला भरते, तुझ्या दोन टक्क्यांतला थोडा वाटा तिकडेही जात असेल. छोटी किती जुनी आहे ते बघ आणि मल्टिमीटरने मोजून घे. गाडी पूर्ण झोपल्यावर १२.६ च्या आसपास हवी. १२ च्या खाली असेल तर जायच्या आधी बदलून टाक.

दुसरं, तो पत्रा. दुपारभर तापतो आणि संध्याकाळनंतरही खाली झळ सोडत राहतो. पत्र्याच्या वर हातभर अंतर सोडून हिरवी शेडनेट बांध, नर्सरीवाले वापरतात ती. मधून वारा खेळला पाहिजे. प्लास्टिकचं कव्हर अजिबात नको. चार्जिंग पहाटे कर. आपल्याकडे मे महिन्यातही पहाट बरी असते.

प्रेषक: अप्पा (टोरंटो)

नाना, बंडूचे बाबा ती गाडी घेऊन मुंबईला जातात. प्लग काढून ठेवली, चार्ज पन्नास टक्क्यांवर आला आणि रात्री अचानक निघावं लागलं तर कसारा घाटाचं काय? माझा मुद्दा तिथे आहे.

प्रेषक: नाना (इंदिरानगर, नाशिक)

जाताना घाट उतरायचा आहे अप्पा, उलट थोडी वीज परत मिळते. चढ येताना. दीड टनाची गाडी ६०० मीटर वर न्यायला अडीच युनिट, थोडं नुकसान धरून तीन. घाटासाठी कुणी अडकत नाही. खरी वीज १२० च्या वेगाने पळवण्यात जाते.

प्रेषक: बंडू (सध्या गंगापूर रोड)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी किल्ली स्वयंपाकघरात नेली, कॅमेऱ्याची राखण आणि केबिनचा आपोआप एसी दोन्ही बंद केले. ॲप आता फक्त माझ्या फोनवर. ताईच्या फोनवर त्याचं विजेट होतं, ते दर थोड्या वेळाने गाडीला विचारत होतं. सकाळपर्यंत एकही टक्का गेला नाही.

आईला विचारलं तेव्हा कळलं की दुपारी गाडीचा पंखा आपोआप चालू झाल्याचा आवाज येतो. म्हणजे वहिनींचा संशय खरा. छोटी बॅटरी १२.४ भरली. इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला बोलावलंय, जुनं वायरिंग आहे आणि चार्जर मधूनच लाल दिवा दाखवतो.

ठरवलंय ते असं: गाडी साठ टक्क्यांवर आणि प्लग काढलेला. बाबा आठवड्यातून एकदा सकाळी सोमेश्वरपर्यंत चालवतील. चाळीसवर आली की पहाटे लावून ऐंशीला बंद. यात काही चुकतंय का?

प्रेषक: वहिनी (शारजा)

एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नका, भावजी. तुमची बॅटरी लोह-फॉस्फेटची म्हणजे एलएफपी असेल तर तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सारखाच राहतो आणि गाडीला टक्का नेमका ओळखता येत नाही. कधी आकडा जागेवर बसलेला दिसतो आणि मग एकदम तीन-चार टक्के खाली येतो. अशा बॅटरीला मधूनमधून शंभरपर्यंत भरायला सांगतात ते आकडा जुळवण्यासाठी. मॅन्युअलमध्ये पाहा. तसं असेल तर शंभर भरायचं ते बाबा निघणार त्या सकाळी, भरून उभी ठेवू नका.

बाकी बेत छान आहे. बाबांना एवढंच सांगा की आकडा बघायचा तर गाडीत बसून, फोनवर नाही.

प्रेषक: अप्पा (टोरंटो)

नाना, शेडनेट किती टक्क्यांची घ्यायची? आमच्या पंचवटीतल्या घराच्या गच्चीवरही टाकीन म्हणतो.

प्रेषक: नाना (इंदिरानगर, नाशिक)

७५ टक्क्यांची, म्हणजे तेवढं ऊन अडवणारी. कडा शिवून घ्या आणि तारेवर ताणून बांधा. मोजमाप पाठवलं तर आणून ठेवतो, जूनच्या वाऱ्याआधी बसायला हवी.