शब्दचर्चा: लूक १४:२६ मधला ‘द्वेष’

प्रश्न
शास्त्राभ्यासाला लूककृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय चालू आहे. जो माझ्याकडे येतो आणि आईबाप, बायको, मुले, भाऊबहिणी यांचा, स्वतःच्या जिवाचाही द्वेष करत नाही, त्याला माझा शिष्य होता येत नाही, असे प्रभू येशू म्हणतो. आमच्या गटात एक ताई आहेत, त्या अंथरुणाला खिळलेल्या आईचे सगळे करतात. वचन ऐकून त्या गप्पच झाल्या. मूळ शब्दाचा अर्थ खरोखर ‘द्वेष’ आहे, की मराठीत तो जास्त कडक उतरला?

प्रतिसाद
मूळ ग्रीक क्रियापद ‘मिसेओ’. त्याचा सरळ अर्थ द्वेष करणे हाच, तेव्हा भाषांतर चुकलेले नाही. पण या बोलण्यामागे इब्री (हिब्रू) भाषेचे वळण आहे. बायबलच्या पहिल्या पुस्तकातला, उत्पत्तीचा २९ वा अध्याय पाहा. तिसाव्या वचनात याकोबाचे आपल्या दोन बायकांपैकी लेआपेक्षा राहेलीवर अधिक प्रेम होते असे येते आणि पुढच्याच वचनात लेआसाठी इब्रीतले ‘द्वेष करणे’ हे क्रियापद वापरले आहे. याकोब तिच्याशी संसार करत होता, तिला त्याच्यापासून मुलेही झाली. म्हणजे इथे वैर नाही, पसंतीतला दुय्यमपणा आहे. मराठी पवित्र शास्त्रात या ठिकाणी लेआ ‘नावडती’ आहे. आटपाट नगराच्या कहाण्या ऐकलेल्या माणसाला याहून वेगळे काही समजावावे लागत नाही.

प्रतिसाद
मग लूकमध्येही ‘कमी प्रेम’ असे का घालू नये? मत्तय १०:३७ मध्ये तेच आहे: जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रेम करतो तो मला योग्य नाही. ऐकणाऱ्याला धक्का बसणार नाही.

प्रतिसाद
धक्का काढून टाकला तर वचनच निघून जाईल. आधीच्या वचनात लोकांचे थवे येशूबरोबर चालले आहेत. तो वळून त्यांच्याशी बोलतो. लगेच पुढे बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करणारा माणूस येतो, मग वीस हजारांवर दहा हजार घेऊन जावे का याचा विचार करणारा राजा. मागे येण्याआधी थांबा, किंमत मोजा, हा सगळा रोख आहे. इथे मऊ शब्द चालणार नाही.

ही किंमत महाराष्ट्रात प्रत्यक्ष मोजली गेली आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. काही वर्षांनी दोघे पुन्हा एकत्र आले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. त्या ताटातुटीत टिळकांच्या मनात पत्नीविषयी वैर होते असे कोण म्हणेल? पण घर दुभंगले हे खरेच, आणि ते दुःख ‘कमी प्रेम’ या दोन शब्दांत मावत नाही.

‘द्वेष’ म्हणजे वाईट चिंतणे असा अर्थ मात्र इथे घेताच येत नाही. लूक ६:२७ मध्ये हेच क्रियापद आहे: जे तुमचा द्वेष करतात त्यांचे बरे करा. शत्रूचे बरे करायला सांगणारा आईचे वाईट चिंतायला कसे सांगेल?

प्रश्नकर्ता
ताईंना काय सांगू?

प्रतिसाद
मार्क ७ वाचून दाखवा. जे देऊन आईबापांना आधार द्यायचा तेच ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने तिथे फटकारले आहे. देवाचे नाव पुढे करून आईला टाकणे त्याला मान्य नव्हते. घरात भांडण झालेल्या तरुणांना हे वचन ऐकवून ‘संबंध तोडा’ सांगणाऱ्यांनीही तो अध्याय वाचावा. माझ्या मते तो वचनाचा गैरवापर आहे, आणि त्यातून माणसे खरोखर दुखावतात.

शिवाय यादीतला शेवटचा शब्द सोडू नका: ‘जिवाचाही’. आपण म्हणतो, अमका जिवावर उदार झाला. त्याला जीव नकोसा झालेला नसतो. एका गोष्टीपुढे तो जिवाचीही पर्वा करत नाही. यादीतली बाकीची नाती याच अर्थाने वाचावीत. मजकुरात ‘द्वेष’ राहू द्यावा आणि प्रवचनात हे समजावून सांगावे.