रद्दी, खोकी आणि रंगमंच : आपले अनुभव लिहा

स्नेहसंमेलनाचे नेपथ्य भाड्याने न आणता चित्रकलेच्या तासाला मुलांनीच टाकाऊ वस्तूंतून उभे केले असेल, तर मराठवाड्यातील शिक्षक, पालक व माजी विद्यार्थ्यांनी तो अनुभव येथे सांगावा. कौतुक थोडक्यात आटोपून काय वापरले आणि काय टिकले, ते सविस्तर लिहावे.

कलाशिक्षक, परभणी जिल्हा
सातवीच्या मुलांनी कूलरच्या खोक्यांतून देवगिरीचा किल्ला उभारला. आमच्याकडच्या उन्हाळ्यामुळे अशा खोक्यांना तोटा नाही. पुठ्ठ्याच्या आतील पन्हळी उभ्या ठेवल्या तर तट ताठ राहतो आणि आडव्या ठेवल्या तर मधोमध वाकतो, हे मी सांगण्याआधीच एका मुलीने दोन तुकडे तळहातांत दाबून ओळखले. पुढे कोणतेही खोके कापण्यापूर्वी तिला दाखवले जाऊ लागले.

पालक, लातूर
एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्यावर मुलांचे नाटक होते. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या व त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. रंगमंचावर मात्र रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या तीनच टाक्या मावल्या. तालीम पाहायला आलेल्या एका आजींनी "घागरींची रांग कुठे आहे?" असे विचारले आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी घरोघरच्या पोचे पडलेल्या घागरी, कळश्या, तेलाचे डबे आणून ओळीने मांडले. शेवटी काही पालकांनी मुलांच्या वाकड्या रेषा 'नीट' करून टाकल्या, ते मला मुळीच रुचले नाही.

माजी विद्यार्थिनी, जालना जिल्हा
आमचे जंगल पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे होते आणि मागचा पडदा खताच्या पोत्यांचा. पोत्याच्या प्लास्टिकवर पोस्टर रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात. म्हणून त्यावर खळीने वर्तमानपत्राचे थर चिकटवले आणि मगच रंगकाम केले.

शिक्षक, बीड जिल्हा
आमची अडचण साहित्याची नाही. संमेलन डिसेंबर-जानेवारीत होते, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील बरीच मुले तोवर आई-वडिलांबरोबर कारखान्यांच्या परिसरात गेलेली असतात. त्यामुळे सहामाहीत ज्यांनी झाडे, घरे रंगवली त्यांनाच ती रंगमंचावर पाहता येत नाहीत. संमेलन दिवाळीपूर्वी घ्यावे, असे मी शाळेत सुचवले आहे. कोणी तसे केले असल्यास सहामाही परीक्षेशी त्याचा मेळ कसा घातला, ते कृपया कळवावे.