मदत हवी आहे: पिकअपचं ब्रेक पेडल तळाला जातंय

मंडळी, खानापूर-बेळगाव भागातल्या जाणकारांनी जरा सांगा. आमची जुनी पिकअप भाजी भरून जांबोटीवरून चोर्ला घाटाने गोव्याला जाते. ब्रेक दाबला की पेडल आधी घट्ट धरतं, पण पाय तसाच ठेवला की हळूहळू तळाला टेकतं. दोनदा पंप केलं की परत वर. डब्यातलं ऑइल कमी होत नाही, चारी चाकांचे सिलिंडर कोरडे, पाइपला कुठे ओल नाही. लायनर नवेच आहेत.

मिस्त्री म्हणतो पाइपात एअर धरलीय, परत ब्लीडिंग करूया, म्हणजे ती हवा काढूया. मला पटत नाही. हवा असती तर पेडल स्पंजासारखं लागलं असतं ना? माझा संशय मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या सिलिंडरच्या, आतल्या रबरांवर आहे.

नुसतं रबरांचं किट टाकून भागेल, की बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चरे असतील तर अख्खा सिलिंडरच घ्यावा? ऑइल बूस्टरमध्ये (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागात) उतरतंय का, हे सिलिंडर सोडवल्याशिवाय कळतं का? बेळगावात ओरिजिनल माल कुठे मिळेल तेही सांगा, डुप्लिकेट नको. तोवर गाडी दारातच उभी आहे. घरचे वैतागलेत, पण घाटात नेणार नाही.