मदत हवी आहे: ब्लू-रेच्या डब्यातले डिजिटल कोड कुठे भरावेत?

मंडळी, अमेरिकेत घेतलेल्या ब्लू-रे डिस्कच्या डब्यांतून निघालेल्या चाळीसेक कोडच्या चिठ्ठ्या समोर आहेत. कोड भरला की डिस्कवरचाच चित्रपट ऑनलाइन खात्यातही मिळतो, पण कोड एकदाच चालतो, त्यामुळे भरायच्या आधी विचारून घेतेय.

डिस्ने, युनिव्हर्सल, वॉर्नर, सोनी यांचे कोड सोपे. मूव्हीज एनिव्हेअरवर (वेगवेगळ्या ऑनलाइन चित्रपट-दुकानांतली खाती एकत्र जोडणारी सेवा) भरले की चित्रपट जोडलेल्या सगळ्या दुकानांत दिसतो. अडचण पॅरामाउंट आणि लायन्सगेटची. ते या योजनेत नाहीत, म्हणजे कोड ज्या दुकानात भराल तिथेच चित्रपट कायमचा अडकणार. ॲपल घ्यावं की फँडँगो ॲट होम (पूर्वीचं वूडू)? फोर-के (सर्वांत स्पष्ट चित्राची) प्रत कोणाकडे मिळते, ते प्रत्यक्ष भरून पाहिलेल्यांनीच सांगा.

दुसरं, काही चिठ्ठ्या अल्ट्राव्हायोलेट या अशाच जुन्या डिजिटल चित्रपट-सेवेच्या आहेत. ती सेवा 31 जुलै 2019 ला बंद झाली. त्यातले कोणत्या स्टुडिओचे कोड अजून चालतात? चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरात मुदत छापलेली असते, पण मुदत उलटलेलेही कधीकधी चालतात, म्हणून टाकून दिलेले नाहीत. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची गल्लत मात्र आधी तपासा, निम्मे ‘अवैध’ कोड तिथेच सुटतात.

शेवटचं आणि माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचं: मूव्हीज एनिव्हेअर फक्त अमेरिकेत चालतं. पुण्याला जाताना टॅबवर आधीच डाउनलोड केलेले चित्रपट तिथे नेटशिवाय लागतात का? कोणत्या ॲपमध्ये, आणि किती दिवस?