समोर बसून ऐकायचे राहिलेले कलाकार : आपले अनुभव लिहावेत

जानेवारी २०२३ मध्ये ‘शक्ती’ हा वाद्यवृंद स्थापनेच्या पन्नाशीनिमित्त मुंबईत आला, तेव्हा कामाच्या व्यापामुळे मी तिकीट काढले नाही आणि पुढच्या दौऱ्यात ऐकू, असे मनाशी ठरवले. १५ डिसेंबर २०२४ रोजी त्यातले तबलावादक झाकीर हुसेन गेले. ते आणि त्यातलेच गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन एकमेकांकडे पाहत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसे येतात, हे आता मला चित्रफितीतच पाहता येईल. म्हणून हा धागा काढत आहे. जे आजही गात-वाजवत आहेत, त्यांच्यापैकी कोणाला प्रत्यक्ष ऐकण्याची आस राहिली आहे? नुसते नाव न देता, काय ऐकायचे आणि कुठे, तेही लिहावे.

सांगलीहून : ख्यालगायक उल्हास कशाळकर यांना मी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात ऐकले आहे, तरीही माझ्याकडून पहिले नाव त्यांचेच. मंडपात मागे बसले की गायक पडद्यावर दिसतो, आणि राग उलगडू लागतो न लागतो तोच वेळ संपत आलेली असते. मला त्यांना चाळीस-पन्नास जाणकारांच्या घरगुती बैठकीत, शक्यतो ध्वनिक्षेपकाविना ऐकायचे आहे. राम मराठे आणि गजाननबुवा जोशी यांच्या तालमीतून ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा अशा तिन्ही घराण्यांची गायकी त्यांच्याकडे आली, आणि बंदिश ज्या घराण्याची, त्याच वळणाने ती मांडण्याचा त्यांचा कटाक्ष मला फार मोलाचा वाटतो. तिलवाडा तालातल्या विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालात ते मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) कुठून उचलतात, तबलजीकडे केव्हा पाहतात, तानपुरा पुन्हा जुळवताना किती वेळ थांबतात, हे हाताच्या अंतरावरून पाहिल्याखेरीज त्यांना ऐकले, असे मी म्हणणार नाही.

सोलापूरहून : ख्यालगायक व्यंकटेश कुमार यांना मला धारवाडमध्येच ऐकायचे आहे. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पुट्टराज गवई यांच्याकडे ते शिकले, आणि ख्यालाइतक्याच निष्ठेने ते वचने व दासरपदे ही संतांची कानडी पदे गातात. आमची आजी कानडी बोलत असे. तिच्या तोंडून ऐकलेली ती पदे मराठी श्रोत्यांत बसून ऐकताना सुरांना दाद मिळते, शब्दांना मिळत नाही. शेजारचा माणूस पुढची ओळ ओठांतल्या ओठांत म्हणत आहे, अशा सभेत मला ती ऐकायची आहेत.

बंगळुरूहून : ‘आयर्न मेडन’ हा ब्रिटिश हेवी मेटल बँड. मार्च २००७ मध्ये ते याच शहरात वाजवून गेले, तेव्हा मी कराडला बारावीची परीक्षा देत होतो. पुढच्या वर्षी ते मुंबईत आले, तेव्हा पैसे जमले नाहीत. ड्रमवादक निको मॅकब्रेन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये दौरे थांबवले, याचे फार वाईट वाटले. तरी तीन गिटारी आणि त्यांच्याखाली घोड्याच्या टापांसारखा दौडणारा स्टीव्ह हॅरिस यांचा बास गिटार एकदा छातीवर झेलायचा आहे.

इंदूरहून : कुमार गंधर्वांचे पुत्र, गायक मुकुल शिवपुत्र. माझ्या वडिलांनी कुमार गंधर्वांना ऐकले होते आणि त्या मैफलींविषयी ते आजही बोलतात. मुकुलजींच्या बैठकी मोजक्याच होतात. जवळपास कुठे ठरल्याचे कोणाला समजले, तर कृपया येथे कळवावे. वडिलांना घेऊन येईन.