मदत हवी आहे: पहिला युद्धाचा बोर्डगेम कोणता घेऊ?

मंडळी, बुद्धिबळापलीकडे मजल नाही, पण आता ऐतिहासिक युद्धाचा बोर्डगेम घ्यायचाय. खेळणार दोघंच, मी आणि धाकटा भाऊ. मागे मित्राकडे एक षटकोनी घरांचा खेळ मांडला होता. नियम वाचण्यातच संध्याकाळ गेली, आणि बाही लागून सोंगट्यांची चळत कोसळली ती वेगळीच!

दुसऱ्या महायुद्धावरच्या 'मेमॉयर ४४' मध्ये पत्ता टाकला की डावी, मधली किंवा उजवी फळी हलते, पुढे फासे. हे लगेच कळलं. त्याच युद्धावरच्या 'अनडॉन्टेड: नॉर्मंडी' (२०१९) मध्ये सैनिकाला गोळी लागली की त्याचा पत्ताच खेळातून बाद होतो, हे फार आवडलं.

पण ओढा खरा प्राचीन काळाकडे, म्हणजे कार्थेजचा सेनापती हॅनिबल आणि रोम यांच्या लढायांकडे. त्यावरचा 'कमांड्स अँड कलर्स: एन्शंट्स' नवख्याला झेपेल का? त्यातल्या ठोकळ्यांवर शेकडो स्टिकर चिकटवायची तयारी आहे. फक्त डाव तास-दीड तासात आटपायला हवा.